सातवी डोंगरधार

बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर वरकुट्याहून आलेले मायलेक बोलत होते.

“डाक्टर नको म्हणाले तर डोंगर बंद. कबूल हाय का?”

“आये, एवढा हिवाळा जाऊ दे. नजर जायच्या आत दहा डोंगरधारांवरनं खालचा मुलूख बघायचा ठरवलाय मी.”

“आन पाय घसरला म्हंजी? आता तुला आपला बांध नीट दिसंना.”

“कंपनीतला इंद्रजित असतोय की पुढं. त्याचा लाल शर्ट बघत चालतो. सकाळी चढायचं, उजेडात उतरायचं.”

“त्यो आन पुढं? जेवायला बसताना असंल.”

“तसा जपतो गं मला.”

“बरं बाबा. सात तर झाल्या. तीनच राहिल्या.”

“चार.”

“चार कशा? परवा तू आलास तवा मारुतीला सातवा नारळ फोडला की मी. धार झाली की नारळ, असंच बोललीया मी देवाला.”

“परवाची मोजू नगंस.”

“का? वर गेला न्हवतास?”

“गेलो हुतो. पार टोकापर्यंत.”

“मग धुकं असंल. थंडीचं असतंच.”

“धुकं न्हवतं. इंद्रजित म्हणत हुता, लख्ख ऊन पडलंय, खाली समदं धरण दिसतंय.”

“आन तू?”

“मी व्हय व्हय म्हणत हुतो.”