नऊ चौकोन

हॅलो?… हं, बोल चिमे. काय? हळू बोल, काही कळत नाहीये. आधी सांग, बाळं ठीक आहेत ना?… नऊच्या नऊ? बरं. मग रडतेस कशाला? काय झालंय?

मीटिंग अर्धवट टाकून ती जिन्यात आली आणि पायरीवर बसली. तिची धाकटी बहीण चिमी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स. त्या वॉर्डातला ऑक्सिजन सांभाळणारा प्रोग्राम हिनंच लिहिलेला. ड्युटीवर असताना चिमीचा फोन आजवर कधी आला नव्हता.

हो, हो… अगं ऐक ना. पडद्यावर आकडे दिसतायत का?… नुसतं गोल फिरतंय? किती वेळ?… वीस मिनिटं! आणि मला आत्ता सांगतेस?… मोठे डॉक्टर थांबा म्हणाले. म्हणणारच! श्वास काय त्यांचा अडकलाय?… बरं, बरं. प्रत्येक खाटेजवळ दोन सिलिंडर आहेत ना? चालू कुठला, डावा की उजवा?… सगळे डावेच? सिलिंडर लावल्याचा आज पाचवा दिवस आहे गं. डावा संपत आला की प्रोग्राम आपणहून उजवा चालू करतो. एकाचाही नाही केला?…

पडदा चालू कधी केलास?… वीस मिनिटांपूर्वीच? म्हणजे आधी बंद होता?… सोमवारपासून! कुणी बंद केला?… तू? टिकटिक होते म्हणून बाळं जागी होतात? अगं, मग आवाज बंद करायचा, पडदा कशाला… शहाणपणा नको करूस, मला विचारायचंस तरी! चार दिवस त्याला कुणी एक आकडा विचारला नाही, आणि आता…

ती पायरीवरून उठली. चार दिवस कुणी विचारलं नाही. ऑफिसात तपासताना पडदा कायम चालू असायचा. आकडे दर सेकंदाला विचारले जायचे, म्हणून दर सेकंदाला मोजलेही जायचे. आपण प्रोग्राम तपासला की पडदा?

हॅलो… आहे, आहे मी. चिमे, तुझं काही चुकलेलं नाही. हे माझं आहे… सांगते, पण चालता चालता ऐक. वॉर्डात जा. हा प्रोग्राम आळशी पद्धतीचा आहे. कुणी विचारल्याशिवाय वजाबाकी करत नाही, ‘नंतर वजा करायचंय’ अशी चिठ्ठी ठेवतो. सेकंदाला एक चिठ्ठी, प्रत्येक खाटेची वेगळी, आणि प्रत्येक आधीच्या चिठ्ठीला टाचलेली. उजवा कधी चालू करायचा हेही त्या चिठ्ठ्यांतच अडकलंय. चार दिवसांच्या चिठ्ठ्या आता एकदम सोडवायला बसलाय… हो, आम्ही याला हुशारी म्हणतो. टाळ्या घेतल्यात मी यावर, भाषण करून… तू हसू नकोस!

कोण? डॉक्टर काय म्हणतायत?… बंद करून परत चालू? नाही! चिमे, हात लावू देऊ नकोस! परत चालू केला की तो सगळे सिलिंडर भरलेले धरतो आणि तिथून वजा करत जातो. पडद्यावर नऊच्या नऊ भरलेले दिसतील. खोटे! कळतंय का?… ओरडू देत. त्यांना म्हणावं, जिनं लिहिलाय तीच नको म्हणतेय.

फळा कुठाय? ज्यावर खाटांचे नंबर लिहिता तो. पूस सगळा… पूस म्हणते ना! नऊ चौकोन आख. वॉर्डातल्या मावशी आहेत का? त्यांना सिलिंडरच्या काट्याशी उभं कर. त्या वाचतील, तू लिही. चौकोनात आकडाच लिहायचा, ‘बघू’, ‘ठीक आहे’ असलं काही नको. आणि फोन ठेवू नकोस.

एक?… पस्तीस. दोन?… तीस. लिहिलंस?… तीन, चाळीस. मावशींना म्हणावं नीट वाकून वाचा, चष्मा लावा… चार, पंचवीस. पाच?… तीस. सहा?

सहा, चिमे?… काय म्हणाल्या मावशी? काटा कुठाय?… तळाला? म्हणजे किती, दोन? तीन?… आकडा नको, सोड! दोन सिलिंडरांच्या मधली लाल चावी बघ. दिसली? आधी उजव्याच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह उघड, मग चावी उजवीकडे. पूर्ण. अडकते? चावी फिरवणाऱ्या मोटारीचा खटका खाली ओढ, मग फिरेल… डॉक्टरांना बाजूला व्हा म्हण! मी बोलते त्यांच्याशी, तू चावी फिरव!

फोनमधून धातूचा करकर आवाज आला. मग काहीच नाही.

चिमे?… चिमे!… हं. फिरली? उजव्याचा काटा किती?… एकशे चाळीस. आणि बाळ? ओठ बघ त्याचे… गुलाबी. खरंच? परत बघ… बरं. बरं गं. अगं रडतेस काय, सात, आठ, नऊ राहिलेत! सांग… वीस. पंचवीस. तीस. आता दर दहा मिनिटांनी जुना आकडा पुसायचा आणि त्याच चौकोनात नवा लिहायचा. दहाच्या खाली गेला की चावी. प्रोग्राममध्ये मी आकडे ठेवते ते रकाने असेच असायला हवे होते. रकाने आत्ताच्या आत्ता तयार कर, एवढं मी त्याला बजावलं. आतली वजाबाकीही आत्ताच कर, हे सांगायचं राहिलं. रकाने नऊ, आणि आत नुसत्या चिठ्ठ्या.

हं… डॉक्टर विचारतायत चूक कुणाची? फोन स्पीकरवर टाक… हॅलो डॉक्टर, चूक माझी आहे. नर्सनं पडदा बंद केला म्हणून नाही, पडदा बंद असतानाही चालायला हवं होतं. लिहून देते, सहीनिशी… हो. आणि तिनं लिहिलेला फळा कुणी पुसायचा नाही… ठीक आहे. द्या तिला.

चिमे, ठेवते आता… नाही गं, जेवण कसलं! अजून अकरा वॉर्डांत हाच प्रोग्राम चालू आहे. पडदे कुठे कुठे बंद आहेत देव जाणे… आमच्या साहेबांना विचारून? आधी अकरा फोन करते. साहेबांना विचारायचं काम मात्र नंतर केलं तरी चालेल… हो. आधी सांग, सहा नंबर आता किती?… एकशे एकोणचाळीस. लिहिलंस?… ठेव.