आगीच्या सालची वाइन

वाइनरीच्या काउंटरपुढे रांगेत उभ्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या टेबलाकडे लागले होते. तिथे वाइनरीचा मालक, म्हणजे अण्णांचा मुलगा, आपल्या थोरल्या बहिणीला एका पिंपातली लाल वाइन चाखायला देत होता.

“ताई, गिळल्यावर जरा थांब. धूर मागून येतो.”

“आला की! शेगडी विझवून पेल्यात ओतलीस का रे?”

“म्हणूनच दुपारी दुसऱ्या सालच्या मालात मिसळून टाकतोय. कुणाला पत्ता लागायचा नाही.”

“आपल्याला लागेल ना, बाळ्या.”

“समोर डोंगर पेटलेला, आणि अण्णांचा हट्ट, द्राक्षं आजच तोडायची.”

“तोंडाला ओला फडका बांधून तोडत होते. वर गाणं!”

“फडक्यामुळे शब्द कळत नव्हते, तेवढीच मेहेरबानी.”

“मी हसले तर माझ्या अंगावर टोपली फेकली होती त्यांनी.”

“रिकामी होती. भरलेली कधी फेकली नसती.”

“छे! द्राक्षांवर जीव होता त्यांचा.”

“दुसऱ्या दिवशी सगळा मळा जळाला.”

“आता अण्णाही नाहीत. त्यांच्या हातची ही शेवटची. एक पिंप तसंच राहू दे ना.”

“विकलं जाणार नाही, ताई. जागा अडेल.”

“अडू दे.”

मालक मग आत वळून ओरडला, “अरे, भिंतीजवळचं पिंप मिसळू नका!”

“शहाणा माझा.”

“पण ठेवायचं किती वर्षं?”

“आपण दोघं आहोत तोवर.”

“आणि मग?”

“मग पोरं खुशाल ओतून देतील. त्यांना ती नुसतीच खराब लागेल.”