आजीचे पाय

अरे, बाळापूरच्या त्या आजीचं तुम्हाला सांगितलं का? ऐंशीची बाई, अंगणात पडली म्हणून आमच्या अकोल्याच्या कॅज्युअल्टीत आणली. एक्स-रे चांगला होता. चालता आलं तर घरी, नाहीतर भरती, एवढंच मला ठरवायचं होतं.

"आजी, आंघोळ स्वतः करता?"

सूनच अभिमानानं बोलली, "आमी त्यायले कायलेच हात लावू देत नाई, मॅडम."

"बरं आजी, उठून दाखवा."

"नाई जमत वं बाई. माह्या पायात जीवच नाई."

दोनदा विनवलं, आजी ढिम्म. सुनेचे डोळे भरून आले. मी भरतीचा कागद लिहायला घेतला.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारबा आत आले. आजीच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे. आजीनं डोक्यावर पदर ओढला, खाटेवरून उतरली आणि सरळ चालत जाऊन भिंतीशी उभी राहिली. कुणाचा हात न धरता.

"आजी, चाललात की."

"मंग? भासऱ्यासमोर लोळत राहू काय?"

मी तिला घरी सोडलं. कागदावर गोळ्यांच्या खाली लिहिलं: भासरे, सकाळ-संध्याकाळ.