पट्ट्याखाली दोन बोटं

नवरा : काढा हो हे! आधी काढा! जीव घेताय का माझा?

मास्कवाली : काका, अजून हवेचं मशीन सुरूसुद्धा केलेलं नाही. नुसता नाकावर टेकवलाय.

नवरा : टेकवलाय म्हणे! कुणी गुडघा रोवून बसलंय असं वाटतंय.

बायको : कांगावा आहे हा सगळा, ताई. घरी हेच चालतं. पहिला मास्क भिंतीवर आपटून फोडला, दुसरा बुटाखाली घेऊन चिरडला. आता या तिसऱ्याचा काय मुडदा पाडायचा ते इथंच ठरवू दे.

नवरा : तू गप्प बस. तुझ्या नाकावर चढवलाय का?

बायको : झोपेत तासाला एकेचाळीस वेळा श्वास तुमचा थांबतो, माझा नाही. आणि ताई, तुमच्यासमोर स्पष्ट सांगते. आज यांच्या नाकावर काही बसलं नाही तर मी बहिणीकडे जाणार. पिशवी भरून दाराशी ठेवून आलेय.

मास्कवाली : काकू, असं नका करू. यांचं हृदय आधीच दमलेलं आहे. डॉक्टरांनी लिहिलंय, मास्कशिवाय एकटं झोपू द्यायचं नाही.

बायको : माहितीय. श्वास अडकला की उठवायला शेजारी कुणीतरी पाहिजे. दोन वर्षं ती कुणीतरी मीच आहे. आता नाही जमत.

नवरा : बघा. मेलो तरी चालेल, असं सांगतेय. तेही परक्यांसमोर.

मास्कवाली : मी परकी नाही, तुमच्या नाकाची सोयरीक जमवणारी आहे. दिवसाला आठ-दहा नाकं बघते. सांगा बघू, पहिला मास्क कुठल्या मापाचा होता?

नवरा : मोठा.

मास्कवाली : मी मधला दिला होता. माझ्या वहीत आहे.

नवरा : दुसऱ्या दिवशी येऊन बदलून नेला. सहा फुटी माणूस मी. मधला घालू?

मास्कवाली : मास्क नाकाला घालायचा असतो काका, उंचीला नाही. मोठा घेतला की कडेनं हवा गळते, सरळ डोळ्यांत जाते. मग तुम्ही काय केलंत?

नवरा : पट्टे आवळले.

मास्कवाली : किती?

नवरा : आवळतील तितके. ट्रेलरवर लोखंड बांधतो मी मॅडम, तीस वर्षं. मी बांधलेली सळई वळणावर बोटभर हलत नाही.

मास्कवाली : म्हणून नाकाचं हाड असं सोलून निघालंय. नाक म्हणजे सळई आहे का? जितकं आवळाल तितकी ही मऊ कड चुरगळणार आणि तितकी जास्त गळणार. पट्ट्याखाली माझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसली तर मास्क चुकलाय किंवा माणूस. आणि दुसरा? नाकपुड्यांत बसणारा, छोटा?

बायको : तो यांच्या मिशीवर तरंगायचा. म्हटलं, काढा मिशी. तर वर जाईल तेवढा हात माझ्यावर उगारला.

नवरा : उगारला. मारला नाही.

बायको : उपकार झाले.

मास्कवाली : मिशी राहू दे. हा बघा, मधल्या मापाचा, नाकावरून बसणारा, कड पातळ. पण बसून बघण्यात अर्थ नाही. आडवं झालं की चेहरा सैल पडतो, माप बदलतं. या पलंगावर झोपा. कुशीवर वळा... काय झालं?

नवरा : काही नाही.

मास्कवाली : काही नाही कसं? कण्हलात तुम्ही. शर्ट वर करू का जरा? ... अरे देवा. काका, हे काय आहे?

नवरा : माल लागला. सळई.

मास्कवाली : सळईनं असे गोल डाग पडत नाहीत. हा हिरवा पडलाय, हा जांभळा, हा तर कालचा. एकाच बरगडीवर. काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?

बायको : कशाला? माझीच मूठ आहे ती. हवं तर माप घ्या.

मास्कवाली : तुम्ही मारता यांना?

बायको : रोज. आठ-दहा वेळा तरी.

नवरा : अगं, काय बोलतेस! मॅडम, मला उठवायला मारते ती. श्वास अडकतो ना.

मास्कवाली : उठवायला खांदा हलवतात. हाक मारतात. बरगडी काळीनिळी करत नाहीत. काकू, मला हे वर कळवावं लागेल.

बायको : कळवा. जरूर कळवा. पण मग पहिल्यापासून कळवा. लग्नाला बत्तीस वर्षं झाली. त्यातली चोवीस वर्षं हा माणूस मला मारत होता. पट्ट्यानं, दाराच्या अडसरानं, हाताला येईल त्यानं. या कानातून मला काही ऐकू येत नाही, विचारा का ते.

मास्कवाली : काका?

नवरा : ... थोबाडीत मारली होती. पडदा फाटला.

बायको : कशाबद्दल? ते पण सांगा.

नवरा : आठवत नाही.

बायको : मला आठवतं. पाणी गरम होतं प्यायचं. आणि बंद कधी झालं माहितीय, ताई? उपरती झाली म्हणून नाही. लोखंड ओढताना यांचा खांदा निखळला, हात वर जाईना, म्हणून बंद झालं. आठ वर्षं झाली. त्या खांद्याचे पाय धुवून पाणी प्यायला हवं मी.

मास्कवाली : काकू, बसा. पाणी घ्या.

बायको : नको पाणी. ऐका. श्वास अडकायला लागला तेव्हा मी हलवायचेच. देवाशपथ, नुसतं हलवायचे. मग हलवून उठेनात, तर कोपरानं ढोसलं. मग एकदा मूठ बसली. बसली आणि, ताई, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातात जीव आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी श्वास अडकायची वाट बघत जागी राहिले.

मास्कवाली : म्हणून मास्क हवाय तुम्हाला.

बायको : परवा श्वास थांबला. मी मूठ वळली आणि मारलीच नाही. मोजत बसले. अठरापर्यंत मोजलं. यांचे ओठ काळे पडत होते आणि मी विचार करत होते, आज कुठं मारू म्हणजे जास्त लागेल. मारायचा विचार नव्हता हो माझा, म्हणजे जिवे... होता की नव्हता, मलाच सांगता येत नाही. मला माझी भीती वाटते. यांच्याशेजारी यांच्यासारखंच दुसरं माणूस झोपतंय. मला त्यातून सोडवा. कुठलाही बसवा, पण बसवा.

मास्कवाली : थांबा. घरचं मशीन आणलंय ना सोबत? यात सगळी नोंद असते. कधी लावलं, कधी काढलं, हवा किती गळली.

नवरा : ते कशाला बघायचं? मी सांगतो ना, गुदमरायला होतं. झोपेत ओढून फेकतो.

मास्कवाली : ओढून फेकलेला मास्क इथं वेगळा दिसतो, काका. मशीन चालू राहतं आणि हवा भसाभसा वाया जाते. नोंद अशी उंच उठते... इथं तर तसं एकदाही नाही. रोज वीस-पंचवीस मिनिटं झाली की मशीन बंद. बटण दाबून बंद. एकवीस रात्री, एकवीस वेळा. झोपेत गुदमरलेला माणूस बटण शोधत बसत नाही.

बायको : म्हणजे?

मास्कवाली : म्हणजे तुमचा डोळा लागेपर्यंत थांबतात आणि स्वतःच्या हातानं काढून ठेवतात. आणि वीस मिनिटं चालतो तेवढ्यात, बघा, एकदाही गुदमरल्याची खूण नाही. मोठा मास्क, चुकीचे पट्टे, तरीसुद्धा.

बायको : पण आपटला तो? चिरडला तो?

नवरा : ते सकाळी. तुला खरं वाटावं म्हणून.

बायको : काय खरं वाटावं? अहो, मी काय विचारतेय?

नवरा : ... तुझी पहिली मूठ बसते तेव्हा मी झोपेत असतो. दुसरीला जागा असतो.

बायको : जागे असता?

नवरा : तिसरीला, चौथीला. डोळे मिटून पडून राहतो. म्हटलं, मारू दे. मी इतकं मारलंय. तुझा राग निघेल. कधीतरी तुझं पोट भरेल, असं वाटलं. मास्क लावला की तुझा हात थांबणार. मग मी काय देणार तुला? माझ्याकडे दुसरं आहे काय?

बायको : तुम्ही मारू देत होतात.

नवरा : हो.

बायको : मला वाटायचं ती एक गोष्ट तरी माझी आहे. वाईट आहे, पण माझी आहे. तीसुद्धा तुमच्याच मर्जीनं? मी मारायचं तेही तुम्ही मारू दिलंत म्हणून? आणि मी पडून राहायचे तेव्हा? मी काय मारू देत होते तुम्हाला? मला बटण होतं का कुठं? बोला ना! होतं का बटण?

(खाडकन चपराक बसते. मास्कचा ट्रे जमिनीवर आदळतो.)

मास्कवाली : काकू! बस्स! या खोलीत हात उचलायचा नाही. तुम्हीही नाही आणि त्यांनीही नाही. काका, हात खाली घ्या!

नवरा : मी नाही मारत. गाल धरला फक्त.

बायको : हा जागेपणी मारला. उजेडात. तुम्हाला न विचारता.

नवरा : मार अजून.

बायको : नाही! तुम्ही ‘मार’ म्हणालात की तोही तुमचाच झाला. हा एक माझा आणि हा शेवटचा. ताई, माफ करा, ट्रे सांडला. मी उचलते.

मास्कवाली : राहू दे, मी धुवून घेईन. बसा. काका, आता मला काकूंशी नाही, तुमच्याशी बोलायचंय. मास्क आरामात बसतो की नाही एवढंच माझं काम. बटण दाबायचं की नाही ते मशीनला शिकवता येत नाही. मघाचे डाग आणि ही चपराक मी कागदावर लिहिणार आहे. डॉक्टर दोघांनाही वेगवेगळं बोलावतील. जायचं.

बायको : जाईन. सगळं सांगेन.

नवरा : मी मास्क लावला तर तू राहशील?

बायको : पिशवी दाराशीच राहील. तिला हात लावायचा नाही. आज मी घरी झोपेन, उद्याचं उद्या.

नवरा : आणि मला माफ...

बायको : नाही. नाकाचा आणि माफीचा काही संबंध नाही. मला तुमचं काही नको. मार नको, मारून घेणं नको. श्वास घ्या. तेवढं एक काम आपलं आपण करा, माझ्यावर टाकू नका.

नवरा : द्या मॅडम तो. मधला.

मास्कवाली : असा. आधी नाकावर, मग मागचा पट्टा डोक्यावरून. हां... काका! लागलात आवळायला! लोखंड नाही ते.

नवरा : हात आपोआप जातो.

मास्कवाली : जातो तर आवरायचा. सोडा. अजून सोडा. आता बोटं घाला खाली. काकू, घरी तुम्ही एकदा बोटं घालून बघाल का? त्यांना मागचं दिसत नाही.

बायको : नाही. माझा हात मी त्यांच्या तोंडाजवळ नेणार नाही. त्यांना त्यांची बोटं आहेत.

मास्कवाली : बरोबर आहे. चुकले मी. काका, तुमची तुम्हीच घाला. गेली दोन? छान. आता हवा सोडते. बोलू नका, तोंड उघडलं की सगळी हवा तोंडावाटे निघून जाते. आवळायचं नाही, बोलायचं नाही. नाकावर दुखतंय? नुसती मान हलवा. नाही? डोळ्यांत वारा? नाही. कुशीवर वळा. जपून, ती बरगडी... गळत नाहीये. काकू, गळत नाहीये!

बायको : बसला?

मास्कवाली : बसला. पोट बघा कसं हळूहळू वर-खाली होतंय. डोळे मिटले की यांनी. काका, इथं झोपायचं नाही हं, बाहेर चार माणसं बसलीत.

बायको : असा श्वास मी यांचा ऐकलाच नव्हता कधी. आवाजच नाही.

मास्कवाली : हाच आवाज असतो श्वासाचा. आता एकच राहिलं. ही बारीक भोकं दिसतात? यातून सोडलेली हवा बाहेर पडते, सारखी झुळूक येते. समोरासमोर झोपलात तर ती तुमच्या चेहऱ्यावर येणार. तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?

बायको : त्यांच्याकडे तोंड करून. पहिल्या दिवसापासून. आधी हात उठलेला दिसावा म्हणून, नंतर श्वास थांबलेला दिसावा म्हणून.

मास्कवाली : मग त्रास होईल तुम्हाला. नळी दुसरीकडून वळवून देऊ का?

बायको : नको, ताई. आज मी भिंतीकडे तोंड करून झोपणार आहे.