रद्द मागणीची पोच

धाकटा : ...तर हे वर बसलेले लोक सरळ खोटारडे आहेत, ताई. निर्णय स्वतः घ्यायचे आणि बिल फाडायचं माझ्या तारांच्या नावावर.

ताई : आधी बूड टेकव. सर्व्हरच्या खोलीत येरझाऱ्या घालू नकोस. कशात तरी पाय अडकला तर तेही तुझ्याच नावावर पडेल.

धाकटा : पडू दे. साहेब म्हणालेत, आज कारण सापडलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस. त्या कार्टूनवाल्यांनी बोंब मारलीय. आपल्या सर्व्हरवर ठेवलेलं त्यांचं बदक बाहेर येतं ते बिनडोक्याचं.

ताई : बदकच ना? साहेबांचा फोटो असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

धाकटा : हसतेस काय? सगळ्या तारा बदलून झाल्या माझ्या.

ताई : खरं सांग. तुझ्या तारेत डेटाचे तुकडे गळतात?

धाकटा : कधीमधी एखादा. कुठल्या तारेत गळत नाहीत?

ताई : गळायचेच. म्हणून तर मी प्रोग्राममध्ये पोच ठेवलीय. सर्व्हर चित्राचे तुकडे पाठवतो, पण आपल्याकडची प्रत लगेच टाकून देत नाही. पलीकडून 'पोचलं' असं आलं की मगच टाकतो. नाही पोचलं तर पुन्हा पाठवतो.

धाकटा : मग डोकं जातं कुठे?

ताई : ते लोक मागतात कसं चित्र?

धाकटा : एकामागून एक, धडाधड. त्यांची मुख्य चित्रकार बाई भारी उतावळी. चित्र यायला जरा उशीर झाला की रद्द करते आणि लगेच दुसरं मागते.

ताई : थांब. रद्द करते?

धाकटा : सारखी. का, गुन्हा आहे?

ताई : गुन्हा तिचा नाही. हे बघ, प्रत्येक मागणीला नंबर असतो आणि पोच येते ती नंबर घेऊन. त्या नंबराची कुठली मागणी अजून उभी आहे ते सर्व्हर शोधतो आणि तिची प्रत टाकतो. आता पहिली मागणी रद्द झाली, नंबर मोकळा झाला, आणि तोच गरमागरम नंबर दुसरीला दिला...

धाकटा : आणि पहिलीची पोच अजून वाटेतच.

ताई : ती रमतगमत येते. सर्व्हर म्हणतो, नंबर जुळला, आणि दुसऱ्या चित्राची प्रत फेकून मोकळा होतो. त्यात नेमका तुझ्या तारेत तुकडा गळला, तर पुन्हा पाठवायला उरलंय काय?

धाकटा : म्हणजे मेलेल्या मागणीची पोच जिवंत मागणीच्या गळ्यात.

ताई : करून बघू. तू तारेचा वेग पाड आणि एखादा तुकडा मुद्दाम गाळ.

धाकटा : काम बिघडवायचा पगार पहिल्यांदाच मिळतोय.

(धाकटा तारेचा वेग पाडतो. ताई एक चित्र मागून रद्द करते आणि लगेच बदक मागते.)

धाकटा : आलं. धड आणि दोन पाय. डोकं गायब.

ताई : गोड दिसतंय.

धाकटा : ताई, राग मानू नकोस, पण एवढी साधी गोष्ट तुला लिहिताना सुचली नाही?

ताई : लिहिली होती. रद्द झालेला नंबर थोडा वेळ बाजूला ठेवायचा, उशिराच्या पोचा येऊन जाईपर्यंत कुणालाच द्यायचा नाही. साहेब भर बैठकीत म्हणाले, नंबर रिकामे बसवता, ही कसली चैन? मी भांडले, तर दुसऱ्या कुणाकडून तरी ते थांबणं प्रोग्राममधून काढायला लावलं.

धाकटा : आणि मला बोलली नाहीस.

ताई : हरलेली भांडणं मी घरी सांगत नाही. आणि त्याचा बदकाशी संबंध आत्ता लागतोय. हे बघ, ते थांबणं परत घातलं. मागते पुन्हा.

धाकटा : आलं डोकं. चोचीसकट. चल, वाचलो. आता गप्प बसू.

ताई : गप्प का बसू? पुढच्या वेळी पुन्हा तुझीच मान पुढे करतील. फोन लाव त्यांना. स्पीकरवर टाक.

साहेब : बोला, लवकर. तार बदलली?

ताई : दोष तारेत नाही, साहेब. तुम्ही रद्द झालेले नंबर लगेच वापरायला लावलेत, त्यानं डोकी उडत होती. आम्ही तसं घडवून बघितलं आणि दुरुस्तही केलं. माझ्या भावाला काढणार होतात, ते मागे घेतलं ना?

साहेब : वेग किती पडेल?

ताई : कुणाला कळणारही नाही. मी भावाचं विचारलं.

साहेब : गिऱ्हाइकाला मी कळवतो. छान काम केलंत दोघांनी.

ताई : हे भलत्याच प्रश्नाचं उत्तर झालं.

साहेब : मी बैठकीत आहे, नंतर बघू.

धाकटा : ताई, सोड ना.

ताई : तू थांब. साहेब, आम्ही फोन धरून आहोत. हा उद्या कामावर येणार की नाही, तेवढं सांगा.