देवकाबाईचा राजीनामा

—नाही, 'महोदय' नको. आधी वर सन लिहा. सन दोन हजार पंचवीस, महिना माघ, हंगाम कपाशीच्या शेवटल्या वेचणीचा. मौजा बोरगाव, तहसील सौसर, जिल्हा पांढुर्णा. छिंदवाडा लिहिलं असन तर खोडा, जिल्हा बदलला आता. त्याच्या खाली मधोमध — राजीनामा. हो, राजीनामाच. तोंडाकडे काय पाहता मॅडम, लिहा. मी तुमाले मॅडमच म्हणतो. वयानं तुमी आमच्या नातीसारख्या, तुमच्या आजोबाच्या मांडीले मांडी लावून मी पंगतीत जेवलो — पण आमच्या म्हाताऱ्यायच्या वर्गात खुर्ची तुमची, तर वर्गाच्या बाहेरही मॅडम. हे मले कोणी शिकवावं लागत नाही. चहा नको, तुमच्या आईले सांगा. कामाच्या आधी चहा घेत नाही मी.

तुमी म्हणान, दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, स्वतः लिहा की. लिहिलं असतं. हात चालते अजून. पण हे तुमच्याच अक्षरात पाह्यजे. काहून, ते सांगतो, दम धरा.

त्या दिवशीचं तुमाले आठवत नसन. तुमी तर लगेच पुढचा शब्द लिहिला. देवका, आमच्या घरची, पहिल्यांदा फळ्यापाशी उभी राहिली होती. तुमी लिहिलं होतं 'पीठ'. तिनं बोट ठेवलं. प. 'प'ले दुसरी वेलांटी — पी. मग ठ. अन् 'पीठ!' — अशी ओरडली मॅडम, बाहेर बकऱ्या उठल्या. फळ्यावर, साऱ्यायच्या समोर, कोणी न सांगता तिनं वाचलेला तो पहिला शब्द. बरोबर वाचला का चूक? बरोबर. मग तुमी विचारलं, मतलब? ती म्हणाली, जवारीचं पीठ, भाकरीचं. तुमी पुस्तक उघडून चित्र दाखवलं — उघडा माणूस, पाठमोरा — अन् म्हणाल्या, "गलत! काय आजी, या माणसाच्या भाकरी थापता का?" सारा वर्ग हसला. वच्छला तर पदर तोंडात कोंबून हसली. तुमीही हसल्या. वाईट मनानं नाही, मले माहीत आहे. पण पाटीवर लाल खडूनं फुली मारली.

आता मले सांगा. तुमच्या हिंदी पुस्तकात पाठ म्हणजे धडा, अन् पीठ म्हणजे पाठ. मग पिठाले काय म्हणावं? आटा. बरं, आटा म्हणू. पण हे तिले आधी सांगायचं कोणी? तुमच्या घरी, या चुलीपाशी, तुमची आई काय म्हणते? — पाहा, हसली आतून, ऐकू आलं मले. तुमी तर इथल्याच. शाळा हिंदीत झाली म्हणून घरची जीभ थोडीच बदलते?

त्या फुलीच्या आधी, दिवाळीपासून, ती दिसन ते वाचे. खताचं पोतं वाचे, बिस्किटाचा पुडा वाचे. सौसरले जातानी मोटरीतून भिंती वाचे, मोठ्यानं, लोकं पाहत. शाळेच्या भिंतीवरचं तिले जमलं नाही, ते मी वाचून सांगितलं — शिक्षा सबका अधिकार. तर मले म्हणते, "काहो, साऱ्यायलेच शिक्षा? काय गुन्हा केला लेकरायनं?" — हसा, हसा. ते हसण्यासारखंच आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं, असं समजावून सांगितलं तर तीही हसली. तिले हसण्याचं वाकडं नाही मॅडम. फुलीचं आहे.

आता ती पाटी माठावर झाकण म्हणून ठेवली आहे. फुली वरच्या बाजूनं. पुसलीही नाही. परवा बचत गटाच्या रजिस्टरात सही करायची होती. सही येते तिले, तुमीच शिकवली. अंगठा लावला. गटाची सुचिता म्हणाली, "काकू, सही येते न तुमाले?" तर म्हणते, "मले काही येत नाही." मी तिथंच उभा होतो. साठीच्या पुढं माणूस अंगठ्यावर परत गेला की त्याले कोणी आणू शकत नाही. अन् तिच्या मागं साऱ्या बाया गेल्या. वच्छलाही गेली, सगळ्यात जास्त हसणारी. तिले भेव — उद्या फळ्यापाशी आपण, अन् पदर दुसरीच्या तोंडात. वर्गात उरलो मी एकटा. तुमी भिंतीकडे पाहून मलेच शिकवत राहिल्या.

काय? — नाही! नाव कमी करा, असं कोणी म्हटलं? कोण वर्ग सोडून राहिलं? देवकाही नाही सोडत, मीही नाही सोडत. अजी, तुमी हे काय लिहून राहिल्या इतक्या वेळचं? खोडा. तो राजीनामा नागपूरच्या पेपरातला. मंत्री देते तो. हा सौसरच्या कोर्टातला. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, माझा अन् भावाचा झगडा चालला, तारखांवर तारखा, बैलगाडीपासून मोटरसायकलपर्यंत. शेवटी वकील म्हणाला, राजीनामा करा. म्हणजे दोघं राजी. तू हे सोड, मी ते सोडतो, अन् लिहून द्या. समेट, समेट म्हणा तुमच्या भाषेत. मी समेटाचा कागद करायले आलो, अन् तुमी माझं नाव कापून राहिल्या!

...थांबा. नका खोडू लगेच.

पाहा न मॅडम. शब्द एकच. मी बरोबर बोललो, तुमी बरोबर ऐकलं, लिहिलंही बरोबर. अन् मतलब निघाला दुसराच. मी 'गलत' म्हटलं का? तुमच्या कागदावर फुली मारली? — आता नका मान खाली घालू. मी काही ठरवून नाही केलं. मले वाटलं, राजीनामा साऱ्यायले माहीत असते. तुमालेही असंच वाटलं असन, पीठ साऱ्यायले माहीत असते.

शिकवण्याचं काम मीही केलं. गोऱ्हे जुवाले शिकवले, दुसऱ्यायचेही. पहिले काही दिवस त्याले नाही शिकवायचं, आपण शिकायचं. हा उजव्या अंगानं चालते का डाव्या, कशाले बुजते, पाणी कवा मागते. ते न पाहता जुंपला की त्याचा खांदा जाते अन् आपलं औत मोडते. अन् एक गोऱ्हा समजला म्हणजे दुसरा समजला, असं होत नाही. दर वेळी नव्यानं. — बायायले बैल नाही म्हटलं मी! देवकानं ऐकलं तर भाकर बंद करन.

लिहा आता. पक्ष एक, देवकाबाई. पक्ष दोन, तेजस्विनी मॅडम. एका पक्षानंच सोडलं तर तो राजीनामा होत नाही, म्हणून आमचं आधी. बायायनं गावात उठवलं, मॅडमले आमच्या अंगठ्यामागं सरकारचे पैसे भेटते. खोटं आहे. तुमी फुकट शिकवता, खडूही घरून आणता. देवकाही बोलली त्यात. ते आमी मागं घेतो, नळावर उभं राहून घेतो. तुमी फुली मागं घ्या. अन् पुढं दर शब्दाले आधी बायायले विचारा, तुमच्या घरी याले काय म्हणते? मग तुमच्या पुस्तकातलं सांगा. तेवढंच. जास्त मागतो का मी?

हं. वाचा काय लिहिलं ते. — "शब्दाचा अर्थ..." नको. जोडाक्षर आहे. तुमचे आधे अक्षर, ते अजून आले नाहीत तिले. बाराखडी झाली, टिंब झालं, तिथं गाडी उभी आहे. हा कागद तिनं वाचायचा आहे मॅडम, मी नाही वाचून दाखवणार. वरची तारीख न् तहसील राहू द्या, कोर्टाचं वरचं कोणीच वाचत नाही. पण खालचं सारं तिले येते तेवढ्याच अक्षरात. — 'तुम्ही' नको. 'माझ्या' नको. 'पुस्तक' तर नकोच. ... अडलं? अडते. तिचंही असंच अडते. बसा निवांत, सुचन.

मी वाचून पाहू? तुमीच वाचा. चष्मा घरी राहिला. — हा? हा कोणता चष्मा... हा आहे, हो. डोक्शावर होता. नाही मॅडम, तुमीच वाचा. कागद जवळ आणून काही होत नाही. ठेवा म्हणतो न खाली!

...चष्म्याचं नाही ते. काचबिंदू म्हणते नागपूरचा डॉक्टर. गेलं ते येत नाही, थेंब टाका, आहे ते टिकवू. अन् जे आहे ते टिकून नाही राहिलं. तुमी म्हणता, रघुनाथराव फळ्याच्या नाकापाशी बसते, भारी हौस आहे आजोबाले. कशाची हौस? मले फळा काळा दिसते. बस, काळा. मी ऐकायले बसतो. तुमी बोलल्या ते घरी नेतो, रात्री ती विसरली की सांगतो. आमच्या घरात वाचणारा मी एक. मोबाईलमधून अंकुरचं नाव मी काढतो, पोरगा पुण्याले आहे. तिच्या गोळ्या मी वाचतो, बीपीची कोणती, साखरेची कोणती. परवा चुकीची पट्टी दिली मी तिच्या हातात. तिनं उलटीपालटी करून पाहिली, परत ठेवली, रंगावरून दुसरी काढली. अन् रंग बदलला तर, मॅडम? दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिली तर? परीक्षेचं मले काही नाही, सर्टिफिकेट चुलीत घाला. माझ्यात उजेड आहे तोवर तिले वाचता आलं पाह्यजे. एवढंच. मी या गावात कोणाले हात नाही जोडले. धुरा गेला तरी नाही जोडले. तुमाले जोडतो. हे पाहा, जोडून राहिलो. तिले परत न्या वर्गात.

नाही, तिले नाही सांगायचं! शपथ घ्या. भेवानं शिकलेलं टिकत नाही. अन् तिले समजलं तर पाटी सोडन अन् माझा हात धरून बसन. — एकटा नाही आलो, ती आली आहे सोडायले. आत नाही येत म्हणाली. फाटकापाशी उभी असन. मले येता येते एकट्यानं, पण अलीकडे मागं लागते. मागं कसली, समोर चालते. अन् सारी वाट बडबड — इथं दगड आहे, इथं नाली आहे, इथं वच्छलाची बकरी बांधली...

काय म्हणता?

...तिले माहीत आहे? कशावरून म्हणता?

...नाली. जलमापासूनची वाट माझी. ती नाली मी खोदली, पंचायतीच्या कामावर. अन् ती मले नाली सांगते. रोज सांगते. अन् मी म्हणतो, किती बडबडते ही बाई.

अन् वर्गात नाव... नाव तिनंच आधी दिलं होतं. मी म्हणत होतो, म्हातारपणी काय पाटी घेतं. ती म्हणाली, चाला, तुमीही चाला. मले वाटलं, एकटीले लाज वाटते.

...नाही, पाणी नको. बसू द्या थोडं.

...

झालं? लिहिलं? वाचा. सावकाश वाचा, ती वाचन तशी.

"देवकाबाई, पीठ वाचलं ते बरोबर. फुली मारली ते चूक. पाठीला पीठ का बोलतात, मला पण ठाऊक नाही. सोमवारी या. मला पण शिकवा."

...एकही जोडाक्षर नाही. पाहिलं मी — ऐकलं. चांगलं आहे. आमच्या भावाच्या वकिलालेही इतकं साधं जमलं नसतं. आता शेवटची ओळ, ती कोर्टाची आहे, ती लागतेच. तिच्यानंतर दोघांपैकी कोणी तोंड उघडायचं नाही. लिहा — देणं घेणं फिटलं, आता काही बोलणं नाही. सही करा. माझी इथं कुठं? बोट धरून ठेवा माझं, तिथंच. हं.

द्या. नाही, मले नका देऊ. तुमी जा फाटकापाशी, तिच्या हातात द्या. वाचून दाखवू नका. उभ्या राहू नका तिच्या डोक्शावर, बसा तिच्यापाशी. तिनं विचारलं तरच बोला.

काय? डॉक्टरचं? भोपाळले दाखवा? — मॅडम. शेवटली ओळ काय लिहिली तुमी? वाचा.

...हं. फिटलं. आता काही बोलणं नाही.