ता-हयात

उस्मानाबादच्या कचेरीपुढं अर्जनवीसाकडं रांग लागली होती. महालिंगप्पांच्या पुढं त्यांचाच भाडेकरू लिंबाजी आपला उर्दू किरायानामा वाचून घेत होता. मालक पाठीशीच उभे आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"मुदत ‘ता-हयात’ लिहिलीय. म्हणजे हयात असेपर्यंत."

"म्हंजी म्या मरस्तोवर घर माजं?"

"तुम्ही न्हाय, मालक हयात असेपर्यंत. ते गेले की घर खाली करायचं."

"आरं देवा! म्हाताऱ्याला लवकर उचल म्हून म्या येडेश्वरीला नवस बोललोय की!"

"मग नवस फिरवा."

"फिरवतोच. लई किरकिऱ्या हाय, पर उद्यापासनं रोज तांब्याभर दूध नेऊन देतो त्येला."

"लिंबाजी," महालिंगप्पा मागून म्हणाले, "म्हशीचं नको. मला गाईचं सोसतं."